क्युबन सँडविच घरी कसं करायचं: दोन दिवसांची तयारी, आठ मिनिटांचा दाब

क्युबन सँडविच पहिल्यांदा करणारा सगळी काळजी मांसाची घेतो. सँडविच बिघडतं ते बहुतेकदा पावात, नाहीतर तव्यावर. सारण तसं सोपं आहे: मोहोमध्ये (लसूण, आंबट संत्र्याचा रस आणि तेल यांच्या मुरवणात) मुरवून भाजलेलं पोर्क, उकडलेलं हॅम, स्विस चीज, व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी आणि पिवळं मस्टर्ड. यातलं पोर्क सोडलं तर बाकी सगळं विकत मिळतं. पण जाड, चिवट सालीचा पाव घेतला किंवा तवा जास्त तापला, तर उत्तम भाजलेलं पोर्कही ते सँडविच वाचवू शकत नाही.

क्युबात याला नुसतं ‘मिक्स्तो’, म्हणजे मिश्र, म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्युबातलं ‘हवाना’ आणि फ्लोरिडातली ‘की वेस्ट’ व ‘टाम्पा’ या गावांत चिरूट वळणाऱ्या कारागिरांची सारखी ये-जा असे. १८८६ साली व्हिसेंते मार्तिनेझ इबोर यांनी फ्लोरिडात टाम्पाजवळ चिरुटांचा कारखाना आणि कामगारांची वस्ती उभी केली. ती इबोर सिटी. हातात धरून खाता येणारं, पोटभरीचं कामगारांचं जेवण म्हणून हे सँडविच तिथे रुजलं. त्या वस्तीत क्युबन आणि स्पॅनिश लोकांच्या शेजारी सिसिलीहून आलेले इटालियनही राहत. टाम्पाच्या सँडविचमधली सलामी (वाळवलेल्या मांसाचं इटालियन सॉसेज) त्यांच्याकडून आली असं टाम्पाकर मानतात. २०१२ साली तिथल्या नगर परिषदेने सलामीसकटच्या सँडविचला शहराची ओळख म्हणून ठरावाने मान्यता दिली. मायामीत सलामी घालत नाहीत, आणि हा वाद दोन्ही शहरांत मनापासून घातला जातो. खालची कृती मायामीच्या पद्धतीची आहे. सलामी हवी असेल तर ती कोणत्या थरात जाते ते पुढे येईलच.

प्रमाण ४ सँडविचचं आहे. कामाची वाटणी अशी करा: पहिल्या रात्री पोर्क मुरत ठेवायचं, पावाचं विरजण लावायचं आणि काकडी घरी करणार असाल तर तीही मुरत घालायची. दुसऱ्या दिवशी पोर्क भाजून पूर्ण गार करायचं आणि पाव भाजायचा. त्याच संध्याकाळी किंवा तिसऱ्या दिवशी सँडविच दाबायचं. हे सगळं एका दिवसात उरकायला जाऊ नका. गरम पोर्कचे पातळ काप पडत नाहीत, त्याचा चुरा होतो.

पोर्क

खांद्याचा, बिनहाडाचा, चरबीचा थर असलेला दीड किलोचा एक तुकडा घ्या. मांडीचं मांस घेऊ नका, त्यात चरबी कमी असते आणि ते दोरीसारखं कोरडं होतं. ४ सँडविचना शिजलेलं पोर्क जेमतेम ३५० ग्रॅम लागतं, तरी तुकडा मोठाच घ्या. छोटा तुकडा आतून मऊ होईपर्यंत बाहेरून वाळतो. उरलेलं पोर्क फ्रीझरमध्ये महिनाभर छान राहतं. काळ्या घेवड्याची उसळ आणि भात यांच्याबरोबर ते खाणं हेही क्युबनच जेवण आहे.

मोहो म्हणजे लसूण, आंबट संत्र्याचा रस आणि तेल यांचं मुरवण. लसणाच्या १२ पाकळ्या १८ ग्रॅम मिठाबरोबर (सुमारे ३ छोटे चमचे) खलबत्त्यात ठेचा. मीठ लसणाला सोलवटतं, त्यामुळे मिक्सरपेक्षा चांगली, चिकट गोळी तयार होते. त्यात दीड छोटा चमचा वाळका ओरेगानो, १ छोटा चमचा जिरेपूड, अर्धा छोटा चमचा मिरेपूड, १२० मिलि आंबट संत्र्याचा रस आणि ६० मिलि ऑलिव्ह तेल घाला. जिरं भाजून घेऊ नका. भाजलेल्या जिऱ्याचा वास मोहोवर स्वार होतो आणि चव आपल्या मसाल्याकडे झुकते.

क्युबात वापरतात ते आंबट संत्रं कडसर आणि चांगलंच आंबट असतं. नागपुरी संत्रं गोड असतं, ते एकटं चालणार नाही. ६० मिलि संत्र्याचा रस, ६० मिलि लिंबाचा रस आणि थोडी किसलेली संत्र्याची साल (फक्त केशरी भाग) असं मिश्रण मूळ चवीच्या बरंच जवळ जातं.

चरबीच्या थरावर सुरीने चौकटी पाडा. मांसाला सुरीच्या टोकाने १० ते १२ ठिकाणी भोसकून त्या भोकांत मोहो दाबून भरा, उरलेला वरून चोळा. झाकून फ्रिजमध्ये ८ ते १२ तास ठेवा. दोन दिवस मुरवल्याने चव दुप्पट होत नाही. आंबट रस मांसाचा वरचा थर पिठूळ करतो, एवढंच.

ओव्हन १५० अंश सेल्सिअसला तापवा. खोल ट्रेमध्ये चरबीची बाजू वर ठेवून पोर्क ठेवा, फॉइलने घट्ट झाका आणि सुमारे ३ तास भाजा. मधोमध थर्मामीटर खुपसला तर ८५ ते ८८ अंश दिसायला हवं. सँडविचसाठी इथेच थांबायचं. ९५ अंशांपर्यंत नेलं तर पोर्क बोटांनी सुटं होतं. ते पानात वाढायला उत्तम, पण त्याचे काप पडत नाहीत. फॉइल काढून २२० अंशांवर १५ ते २० मिनिटं भाजलं की वरची चरबी तांबूस आणि खमंग होते.

ओव्हन नसेल तर पोर्कचे चार तुकडे करून ते कुकरमध्ये उरलेला मोहो आणि अर्धी वाटी पाणी घालून ठेवा. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून ३५ मिनिटं शिजवा. वाफ आपोआप जाऊ द्या. मग तुकडे तव्यावर सगळ्या बाजूंनी तांबूस करा. भाजण्याचा खमंगपणा थोडा कमी पडतो, सँडविचपुरतं मात्र भागतं.

पोर्क अर्धा तास तसंच ठेवून मग फ्रिजमध्ये पूर्ण गार करा. ट्रेमध्ये उरलेला रस गाळून वेगळा ठेवा, तो पुढे लागणार आहे. गार पोर्कच्या रेषा बघून त्यांना आडवे, ३ मिलिमीटर जाडीचे काप करा. रेषांच्या दिशेने कापलं तर सँडविच चावताना अख्खा काप दातांबरोबर बाहेर ओढला जातो.

पाव

क्युबन पाव लांब आणि हलका असतो. त्याची साल पातळ, पापडासारखी. पिठात डुकराची चरबी असल्याने आतला गाभा मऊ राहतो. याच चरबीमुळे पाव दाबल्यावर फाटत नाही, चेपला जातो, आणि तव्यावर त्याची साल बिस्किटासारखी कुरकुरीत होते. इबोर सिटीतल्या १९१५ सालच्या ला सेगुंदा बेकरीत आजही पावावर पामेटो या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानाची ओली पट्टी ठेवून भाजतात. पट्टीखालचं पीठ उशिरा वाळतं आणि पाव तिथेच लांबीने फुलून उकलतो. खाण्याआधी पान काढून टाकतात.

रात्री विरजण लावा: ७५ ग्रॅम मैदा, ७५ मिलि पाणी, चिमूटभर इन्स्टंट यीस्ट. ढवळून झाकून बाहेरच ठेवा. मुंबईच्या उन्हाळ्यात हे विरजण ६ तासांत फसफसून खाली बसू लागतं, तेव्हा तिथे ते फ्रिजमध्ये ठेवलेलं बरं.

सकाळी त्यात ४२५ ग्रॅम मैदा, २१० मिलि कोमट पाणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ८ ग्रॅम साखर आणि ९ ग्रॅम मीठ घालून मळा. पीठ एकत्र आलं की ४५ ग्रॅम मऊ चरबी थोडी-थोडी मळत घाला. सुरुवातीला पीठ निसरडं होऊन सुटं झाल्यासारखं दिसेल. तिथे मैद्याची भर घालायचा मोह टाळा, ३-४ मिनिटांत ते चरबी पिऊन घेतं. एकूण १० मिनिटं मळा. आपला मैदा ब्रेडच्या पिठापेक्षा अशक्त असतो, म्हणून पाणी २१० मिलिवरच सुरू करा आणि पीठ कोरडं वाटलं तरच आणखी १५ मिलि घाला. डुकराची चरबी मिळाली नाही तर तेवढंच वनस्पती तूप घ्या. लोण्याने पाव चवदार होतो, पण त्याची साल मऊ पडते.

पीठ झाकून दुप्पट फुगू द्या, साधारण तास-सव्वा तास. दोन भाग करा. प्रत्येक भाग आयताकृती थापून घट्ट गुंडाळा, शिवण चिमटून बंद करा आणि हातांनी वळत ४२ सेंटिमीटर लांब करा. शिवण खाली ठेवून ४० ते ४५ मिनिटं पुन्हा फुगू द्या. पामेटोच्या पानाऐवजी जाड सुती दोरा भिजवून पावाच्या मधोमध लांबीने हलकेच दाबा, किंवा ब्लेडने अर्धा सेंटिमीटर खोल चीर द्या. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये खालच्या कप्प्यात गरम पाण्याचा ट्रे ठेवून १० मिनिटं भाजा, मग तो ट्रे काढून आणखी १२ ते १५ मिनिटं. रंग फिका सोनेरीच हवा. हा पाव पुन्हा तव्यावर भाजला जाणार आहे, आधीच गडद केला तर शेवटी कडवट लागतो. दोरा गरम असतानाच ओढून काढा.

पाव भाजून ५-६ तास झालेले असले तर सँडविच जास्त चांगलं होतं. ताज्या गरम पावातला ओलावा दाबताना बाहेर पडायला जागा शोधतो आणि साल नरम करतो.

विकतचा पाव घ्यायचा तर हॉटडॉगचा लांब, मऊ रोल किंवा पातळ सालीचा सब रोल घ्या. फ्रेंच बगेट नको, त्याची साल दाबल्यावर टाळू सोलते. लादी पाव आणि स्लाइस ब्रेड तर नकोच. ते चेपून पिठाच्या गोळ्यासारखे चिकट होतात.

बाकीचं साहित्य

हॅम उकडलेलं, किंचित गोडसर आणि पातळ कापलेलं घ्या, एका सँडविचला १०० ग्रॅम. धुरावलेलं हॅम पोर्कची चव झाकून टाकतं. चीज भोकांचं स्विस, म्हणजे एमेंटल जातीचं, एका सँडविचला ४५ ग्रॅम. ते न मिळाल्यास गौडा चालेल. प्रोसेस्ड चीजच्या चकत्या पातळ होऊन कडेने वाहतात आणि त्या खारटही असतात. इथे खारटपणाचा हिशोब ठेवावा लागतो, कारण हॅम, चीज, काकडी आणि मस्टर्ड चारही खारट आहेत. त्यामुळे सँडविच रचताना वरून मीठ अजिबात नको.

मस्टर्ड अमेरिकन पिवळं, सौम्य घ्या. त्याचा तो झगझगीत रंग हळदीचा असतो. कासुंदीसारखं नाकात जाणारं मस्टर्ड इथे बसत नाही.

काकडी शेपूच्या वासाची आणि आंबट हवी. बाजारातल्या गर्किनच्या बऱ्याच बाटल्या गोड असतात, साखर घातली आहे का ते लेबलावर बघून घ्या. घरी करायची तर २५० ग्रॅम कोवळ्या काकड्या लांबीने पातळ कापा. १२० मिलि व्हिनेगर, १२० मिलि पाणी आणि २ छोटे चमचे मीठ उकळा. त्यात मूठभर शेपू, लसणाच्या २ पाकळ्या आणि ५-६ मिरे टाकून ते काकडीवर ओता. गार झाल्यावर फ्रिजमध्ये एक दिवस ठेवा. वापरताना प्रत्येक चकती कागदाने टिपून घ्यायला विसरू नका. ओली काकडी पाव भिजवते, आणि खालचं चीज वितळूनही पावाला धरत नाही.

रचणं

प्रत्येक पावाचे २० सेंटिमीटरचे दोन तुकडे करा आणि मधून आडवे कापा. एका बाजूला दोन्ही भाग जोडलेले राहिले तर बरं, सारण घसरत नाही.

रचण्याआधी एक काम करा, त्याने निम्म्या अडचणी सुटतात. तवा गरम करून हॅम आणि पोर्कचे काप प्रत्येकी अर्धा-पाऊण मिनिट परता. पोर्कवर वेगळा ठेवलेला भाजणीचा रस दोन चमचे शिंपडा. सारण फ्रिजमधून थेट पावात गेलं तर बाहेरून पाव करपेपर्यंत आतलं चीज घट्टच राहतं. इथे भाजणीचाच रस वापरायचा, मुरवणाचा कच्चा मोहो नाही. तो कच्च्या मांसाला लागलेला असतो. वापरायचाच असेल तर ५ मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय नाही.

खालून वर थर असे: हॅम, त्यावर ८५ ग्रॅम पोर्क, मग चीज, मग काकडीच्या ३-४ चकत्या. वरच्या पावाला आतून २ छोटे चमचे मस्टर्ड काठापर्यंत लावा. टाम्पा पद्धतीत जेनोआ सलामीच्या ३-४ चकत्या पोर्क आणि चीजच्या मधे जातात. लेट्यूस आणि टोमॅटो या सँडविचमध्ये नसतात. दोन्हींत पाणी असतं आणि दाबल्यावर ते सगळं पावात उतरतं.

चीज पोर्कला चिकटून ठेवा. वितळल्यावर तेच सारणाला धरून ठेवतं. काकडी हॅम आणि पोर्कच्या मधे घातली तर थर एकमेकांवरून सरकतात आणि पहिल्याच घासाला सगळं मागून बाहेर येतं.

दाबणं

क्युबन दुकानांत यासाठी ‘प्लांचा’ असते: वर-खाली दोन सपाट तापलेले पत्रे. सपाट हा शब्द महत्त्वाचा. खाचांच्या ग्रिलवर सालीचा फक्त खाचांना टेकलेला भाग कुरकुरीत होतो. आपल्याकडचा गॅसवरचा त्रिकोणी टोस्टर तर पाव कडेने कापूनच टाकतो. घरी बिडाचा जाड तवा घ्या आणि वरून दाबायला दुसरा सपाट बुडाचा जड तवा. त्यावर ३ ते ४ किलो वजन हवं: पाण्याने भरलेलं पातेलं किंवा दगडी खलबत्ता चालेल. फॉइलमध्ये गुंडाळलेली वीट हा फ्लोरिडातल्या घरांमधला जुना उपाय आहे.

तवा मंद ते मध्यम आचेवर ५ मिनिटं तापवा. १७५ अंशांच्या आसपासचा तवा ओळखायला थेंबभर पाणी टाका. जागच्या जागी चुरचुरून २-३ सेकंदांत उडालं तर तवा बरोबर आहे. थेंब गोळी होऊन तव्यावर पळू लागला तर तवा फार तापलाय, उतरवून ठेवा. वरचा तवाही दुसऱ्या शेगडीवर तेवढाच तापवा.

पावाच्या बाहेरच्या दोन्ही बाजूंना मिळून २ छोटे चमचे मऊ लोणी लावा. सँडविच तव्यावर ठेवा, वर गरम तवा ठेवा आणि आधी अर्धा मिनिट फक्त हाताने हलके दाबा. मग वजन चढवा. एकदम वजन ठेवलं तर पावाची जोडलेली बाजू फाटते. पहिल्या बाजूला ४ मिनिटं, उलटून दुसऱ्या बाजूला ३ ते ४ मिनिटं. शेवटी सँडविचची उंची निम्मी किंवा त्याहून कमी व्हायला हवी. वरून नखाने टकटक केलं तर कोरडा आवाज यायला हवा, आणि कडेने चीज नुकतंच डोकावायला हवं. उलथण्याने वरून सारखं दाबत बसू नका. त्याने पाव ठिकठिकाणी वेगळा दबतो आणि पोर्कमधली चरबी एकाच बाजूने गळते.

काय बिघडतं आणि का

बाहेरून करपलं आणि आत गार: आच जास्त, किंवा सारण न परतता घातलं. आता पाव काळा पडलाच असेल तर सँडविच १५० अंशांच्या ओव्हनमध्ये ५ मिनिटं ठेवा, चीज तरी वितळेल.

पाव चपटा झाला, पण साल मऊच: तवा पुरेसा तापला नव्हता, काकडी ओली होती, किंवा लोणी फार लावलं. जास्तीच्या लोण्यात पाव तळला जातो आणि तुपकट होतो.

पाव लाकडासारखा कडक: मंद आचेवर १५ मिनिटं ठेवला, किंवा पाव शिळा होऊन पार वाळलेला होता. वाळका पाव वापरायचाच तर आतल्या बाजूला पाण्याचा हात फिरवा.

पोर्क कोरडं: मांडीचं मांस, नाहीतर ओव्हनमध्ये फॉइल सैल. काप भाजणीच्या रसात १० मिनिटं गरम केले तर बरेच सावरतात.

सारण बाहेर येतं: मांस जास्त भरलंय. सगळं मिळून २५० ग्रॅमच्या पुढे गेलात की पाव ते धरत नाही.

दुसरं रूप हवं असेल तर ‘मेदिया नोचे’ करून बघा. नावाचा अर्थ मध्यरात्र. हवानात रात्रीचे कार्यक्रम संपल्यावर खाल्लं जायचं म्हणून हे नाव पडलं. सारण तेच, पण पाव अंडं घातलेला, पिवळसर, गोड आणि आकाराने लहान. साखरेमुळे तो लवकर करपतो, म्हणून आच आणखी मंद ठेवा आणि प्रत्येक बाजूला अडीच मिनिटंच द्या.

तव्यावरून काढल्यावर सँडविच एक मिनिट जाळीवर ठेवा, मग धारदार सुरीने कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपं कापा. लगेच कापलं तर चीज सुरीबरोबर वाहून येतं. डब्यात न्यायचं असेल तर फॉइल वापरू नका, आत वाफ धरते आणि दहा मिनिटांत साल नरम पडते. जाड कागदात गुंडाळा आणि पोहोचल्यावर कोरड्या तव्यावर, वजनाशिवाय, दोन्ही बाजू मिनिटभर फिरवून घ्या.